आमच्या कार्यवृत्तांत नांवें कां नाहींत?

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत संत व्हिन्सेंट द पॉल सोसायटीच्या स्थानिक शाखेतर्फें वाचलेलें भाषण)



ह्या मंगल प्रसंगीं आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक मंडळानें आपापलें कार्यवृत्त स्मरणिकेसाठीं द्यावें, अशी समितीची आज्ञा झाली. गायनमंडळानें दिलें, महिलामंडळानें दिलें, युवकांनीं तर छायाचित्रांसह दिलें. आमचेंही कार्यवृत्त वेळेवर गेलें, परंतु तें वाचून समितीच्या एका सभासदांनीं आम्हांस प्रेमानें विचारलें, "इतक्या वर्षांचें काम तुम्हीं अवघ्या दीड पानांत आटोपलें? कोणाच्या घरीं धान्य गेलें, कोणाच्या मुलाची फी भरली, कोणाचें छप्पर दुरुस्त केलें, त्यांचीं नांवें कोठें आहेत?" प्रश्न रास्त होता. जो पैसा आम्हीं खर्च केला तो आपला आहे. त्याचा हिशेब मागण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे. म्हणून आज दुसरें कांहीं न सांगतां त्या एकाच प्रश्नाचें उत्तर देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आमची बैठक कशी चालते, तें सांगितलें पाहिजे. मंगळवारीं सायंकाळीं चर्चच्या मागील खोलींत दिवा जळतांना पुष्कळांनीं पाहिला असेल. परंतु आंत काय चालतें, हें फारसें कोणास ठाऊक नाहीं. जपमाळेची प्रार्थना आटोपली, म्हणजे आम्ही दहाबारा स्त्रीपुरुष तेथें जमतों. दोन बांकें, एक मेज व एक लोखंडी कपाट, एवढाच आमचा संसार. प्रारंभीं प्रार्थना, मग एकाद्या संतचरित्राचें थोडें वाचन, मग मागील बैठकीचें इतिवृत्त. त्यानंतर जें कलम येतें त्यास आम्ही 'वर्तमान' म्हणतों. अध्यक्ष एकेकाकडे वळून विचारतात, "तुमच्या वाडीचें काय वर्तमान?" मग कोणी सांगतो कीं, अमुक घरचा कर्ता पुरुष माडावरून पडून अंथरुणास खिळला आहे. कोणी सांगते कीं, अमुक म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदु पिकला असून तिला रुग्णालयांत नेणारें कोणी नाहीं. कोणी सांगतो कीं, अमुक घरचें मूल महिनाभर शाळेंत गेलें नाहीं आणि कारण विचारल्यास आई नुसती हंसते. प्रत्येक वर्तमानावर दोघांची नेमणूक होते. एकट्यानें कोणाच्या घरीं जावयाचें नाहीं, हा आमचा जुना नियम. शेवटीं एक कापडी पिशवी हातोहात फिरते. प्रत्येकजण तींत मूठ घालून बाहेर काढतो. कोणीं किती टाकलें, हें दिसत नाहीं आणि कोणी पाहतही नाहीं.

ही रीत आम्हीं शोधून काढलेली नव्हे. तिचें मूळ दूर देशीं व फार जुन्या काळीं आहे. फ्रान्स देशांत शातियाँ नांवाचें एक लहानसें गांव आहे. १६१७ सालच्या ऑगस्ट महिन्यांत एका रविवारीं तेथील धर्मगुरु मिस्सेसाठीं वस्त्रें परिधान करीत असतां त्यांस वर्तमान कळलें कीं, गांवाबाहेरील एका घरांत सारीं माणसें आजारी पडलीं असून त्यांची शुश्रूषा करावयास कोणीही उरलें नाहीं. धर्मगुरूंनीं ती गोष्ट प्रवचनांत लोकांपुढें ठेवली. हे धर्मगुरु म्हणजेच संत व्हिन्सेंट द पॉल. दुपारनंतर ते स्वतः त्या घराकडे निघाले, तों वाटेवर बायकांची रीघ लागलेली. कोणी जात आहे, कोणी परत येत आहे, आणि ऊन कडक असल्यामुळें कोणी वाटेच्या कडेस विसांवा घेत बसली आहे. अन्न इतकें जमलें कीं, तें एका दिवसांत संपणारें नव्हतें आणि पुढें टिकणारेंही नव्हतें. संतांच्या ध्यानांत आलें कीं, येथें दयेची उणीव नाहीं. उणीव आहे ती व्यवस्थेची. आज पूर आणि उद्यां कोरड, अशी दया गरिबाच्या कामाची नव्हे. थोड्याच दिवसांत त्यांनीं तेथील स्त्रियांचें एक मंडळ बांधलें, त्यास नियम घालून दिले व पाळीपाळीनें आजाऱ्यांची सेवा करण्याची वहिवाट पाडली.

त्यानंतर दोनशें सोळा वर्षांनीं, २३ एप्रिल १८३३ रोजीं, पॅरिस शहरांत आमच्या सोसायटीची पहिली बैठक भरली. फ्रेडरिक ओझानम नांवाच्या कायद्याच्या विद्यार्थ्याचा तो विसावा वाढदिवस होता. तो व त्याचे मित्र एका चर्चामंडळांत धर्माची बाजू हिरिरीनें मांडीत. परंतु प्रतिपक्षाचे तरुण त्यांस टोमणा मारीत कीं, तुमच्या धर्मानें पूर्वीं मोठीं कामें केलीं असतील, आज तुम्ही गरिबांसाठीं काय करीत आहां? हा बोल त्यांच्या जिव्हारीं लागला. एमान्युएल बायी नांवाचे एक प्रौढ गृहस्थ एक वर्तमानपत्र चालवीत. त्यांच्या कचेरींत सहा विद्यार्थी जमले व बायी हे त्यांचे पहिले अध्यक्ष झाले. आतां नवल पाहा. वर्तमानपत्राच्या कचेरींत बसलेल्या ह्या तरुणांस ज्या वर्तमानाची गरज होती तेंच तेथें नव्हतें! आज कोणत्या घरीं चूल पेटली नाहीं, हें छापून येत नसतें. तें ठाऊक होतें सिस्टर रोझाली रांदू ह्या धर्मभगिनीस. मूफ्तार ह्या दरिद्री वस्तींत त्या अनेक वर्षें सेवा करीत होत्या, आणि आदल्याच वर्षीं, १८३२ सालीं, पॅरिस शहरानें पटकीची भयंकर सांथ सोसली होती. त्यांनीं ह्या तरुणांस कुटुंबें दाखवून दिलीं व गरिबाच्या दारीं कसें उभें राहावें, हें शिकविलें. ओझानम १८५३ सालीं अवघ्या चाळीस वर्षांचे असतां वारले. १९९७ सालीं पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं पॅरिस येथें त्यांस धन्य म्हणून घोषित केलें. २००३ सालीं सिस्टर रोझालींसही तोच मान मिळाला. ज्यानें विचारलें तो आणि जिला ठाऊक होतें ती, अशा दोघांसही पवित्र सभेनें गौरविलें, हें आम्हांस मोठें सूचक वाटतें.

आपल्या मराठी भाषेंत बातमीस वर्तमान म्हणतात, बातम्यांच्या कागदास वर्तमानपत्र म्हणतात, आणि प्रभु येशूच्या चरित्रास शुभवर्तमान म्हणतात. शब्द एका कुळांतले आहेत. पण वर्तमान तोंडांतून निघालें म्हणजे त्यास दोन वाटा फुटतात. एक वाट ओटीवरून ओटीवर जाते, प्रत्येक ओटीवर थोडें तिखटमीठ घेते आणि शेवटीं कोठेंच पोंचत नाहीं. दुसरी वाट ज्या घरचें वर्तमान असेल त्याच घराकडे परत वळते, आणि जातांना हातांत कांहीं तरी घेऊन जाते. पहिल्या वाटेनें गेलेलें वर्तमान माणसास उघडें पाडतें. दुसऱ्या वाटेनें गेलेलें त्याच्या अंगावर पांघरूण घालतें. ह्या दुसऱ्या वाटेचें उदाहरण शोधावयास दूर जावयास नको. आपल्या वसईंत १९१८ सालीं मोन्सेन्योर पी. जे. मोनीस ह्यांनीं जी पतसंस्था काढली, तीच आजची बसीन कॅथॉलिक सहकारी बँक होय. गरीब शेतकऱ्याची नड ओळखून त्यास वाजवी दरानें कर्ज मिळावें, ह्यासाठीं ती निघाली. शेजाऱ्याच्या नडीची त्यांनीं चर्चा करीत न बसतां तिच्यावर इलाज केला.

परंतु दुसऱ्यांच्या सद्गुणांची गोष्ट सांगून आम्हीं आपला प्रश्न टाळला, असें होऊं नये. नांवें न छापण्याचा निश्चय आम्हीं ग्रंथ वाचून केला नाहीं. तो आमच्याच हातून घडलेल्या एका अपराधानें आम्हांस शिकविला. आज पन्नास वर्षांचा आनंद साजरा करीत असतां तो अपराधही आपल्यापुढें मांडणें, हें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

२०२० सालच्या मार्च महिन्यांत कोविडच्या सांथीमुळें सारा देश बंद झाला. आगगाड्या थांबल्या. मुंबईस भाजी व फुलें घेऊन जाणाऱ्यांची वाट खुंटली. रोजंदारीवर जगणाऱ्यांची मिळकत एका दिवसांत नाहींशी झाली. माणसें जमविण्यास मनाई असल्यामुळें आमच्या मंगळवारच्या बैठकी बंद पडल्या. परंतु दात्यांचे हात थांबले नाहींत. परदेशीं असलेल्या आपल्या मुलांनींही पैसे धाडले. तांदूळ, डाळ, तेल व साखर ह्यांच्या पिशव्या भरून आम्ही दारोदार गेलों. देणाऱ्यांस पोंच मिळावी, ह्या हेतूनें आम्हीं प्रत्येक दारांत पिशवी देतांना छायाचित्र काढलें व तीं सारीं छायाचित्रें धर्मग्रामाच्या भ्रमणध्वनीवरील समूहांत धाडून दिलीं. मनांत वाईट हेतु यत्किंचितही नव्हता. उलट, आपलें काम किती चोख झालें, असें आम्हांस वाटत होतें.

त्या छायाचित्रांत एक बाई होती. तिचें नांव, तिची वाडी, तिची आळी आम्ही सांगणार नाहीं. दोन महिन्यांपूर्वींपर्यंत तीच शेजारणींस उसनें देत असे. ती उंबऱ्याच्या आंत उभी होती, ओढणीचें टोंक तोंडाशीं धरलेलें, आणि तिच्या मागें तिची शाळकरी मुलगी. तासाभरांत तें छायाचित्र समुद्रापलीकडे पोंचलें आणि मुलीच्या वर्गांतल्या मुलांच्या हातींही आलें. पुढल्या आठवड्यांत आम्ही पिशवी घेऊन गेलों तों दार बंद. आंत माणसांची चाहूल लागत होती. हांक मारली, उत्तर आलें नाहीं. ओटीवर आम्हीं दिलेली आधींची पिशवी ठेवलेली होती. तिची गांठसुद्धां सोडलेली नव्हती.

बंधुभगिनींनो, त्या न सोडलेल्या गांठीपुढें आम्ही किती वेळ उभे होतों, तें आम्हांस आठवत नाहीं. घरांत धान्य नसतांना तिनें ती पिशवी परत केली होती. भुकेहून मोठें असें कांहीं तरी आम्हीं तिच्याकडून नेलें होतें.

आमच्यांतील दोघी भगिनी क्षमा मागावयास गेल्या. पहिल्या खेपेस दार उघडलें नाहीं. दुसऱ्या खेपेसही नाहीं. तिसऱ्या खेपेस तिनें दार उघडलें, बसावयास खुर्च्या दिल्या, कोरा चहा केला, आणि आवाज न चढवितां म्हणाली, "तांदूळ तुम्हीं मला दिलेत; पण माझें वर्तमान गांवाला दिलेंत." ह्यापुढें आपण मदत घेणार नाहीं, असेंही तिनें सांगितलें, आणि तो शब्द तिनें आजतागायत पाळला आहे. आमची क्षमायाचना तिनें ऐकून घेतली, एवढीच काय ती आमची जमेची बाजू.

बैठकी पुन्हा सुरू झाल्या तेव्हां पहिल्याच मंगळवारीं आम्हीं तीन ठराव केले. पहिला, देतांना कोणाचेंही छायाचित्र काढावयाचें नाहीं, मग दाता कितीही मोठा असो. दुसरा, इतिवृत्तांत कुटुंबाचें नांव न लिहितां केवळ अनुक्रमांक लिहावयाचा. नांवांची वही निराळी, कपाटांत कुलुपाखालीं. तिसरा, वर्तमान ज्या खोलींत सांगितलें त्या खोलींतच राहील. तें घरीं नवऱ्यास वा बायकोसही सांगावयाचें नाहीं. आमच्या एका वृद्ध सभासदांस तिसरा ठराव सर्वांत कठीण गेला, असें ते स्वतःच हंसून सांगतात! पैशाचा हिशेब मात्र पैपैचा ठेविला जातो. तो दरवर्षीं हिशेबतपासनीस तपासतात व धर्मगुरु वहींतील नांवांशीं ताडून पाहतात. तेव्हां आपला पैसा कोठें गेला, हें जाणणारें कोणी आहे. फक्त तें सर्वांनीं जाणण्याची गरज नाहीं. दान करतांना कर्णा वाजवूं नये, ही प्रभूची शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. ती दात्याच्या आत्म्याच्या हिताची आहे, असें आम्ही समजत होतों. तींत घेणाऱ्याच्या अब्रूचेंही रक्षण आहे, हें आम्हांस त्या बंद दारानें समजाविलें.

ह्या कथेचा शेवट एवढ्यावर झाला असता तर ती सांगण्याचें धैर्य आम्हांस झालें नसतें. पुढल्या वर्षीं पावसाळ्यांत, एका सकाळीं, तीच बाई छत्रीही न घेतां आमच्या एका भगिनीच्या दारीं आली. "शेजारच्या आजोबांच्या घरीं काल दिवा लागला नाहीं," एवढेंच ती म्हणाली. आजोबांचे दोन्ही मुलगे परदेशीं. आम्ही चौघे धांवत गेलों, मागील दाराची कडी तोडली, तों म्हातारे न्हाणीघरांत पडलेले. मांडीचें हाड मोडलेलें, पण जीव शाबूत होता. त्याच दुपारीं त्यांस रुग्णालयांत पोंचविलें, आणि काठीच्या आधारानें कां होईना, ते पुन्हा मिस्सेस येऊं लागले. आतां विचार करा. तिच्या हातींही भ्रमणध्वनी होता. तिला हें वर्तमान एका क्षणांत साऱ्या धर्मग्रामास कळवितां आलें असतें. पण ती पावसांतून चालत आली आणि एकीच्याच कानांत सांगून गेली. जी रीत आम्हीं मोडली होती, ती तिनें पाळली.

आणखी एक गोष्ट सांगून आम्ही आटोपतें घेतों. कारण परस्परांतील बंधुभाव म्हणजे केवळ दुसऱ्यांच्या घरीं जाणें नव्हे. आम्ही वाडीवाडींतून दुःख शोधीत फिरत असतां आमच्याच बांकावर बसणाऱ्या एका बंधूची नोकरी सुटली होती. जवळजवळ एक वर्ष तो न चुकतां बैठकीस येत होता, दुसऱ्यांचें वर्तमान सांगत होता, नेमून दिलेल्या घरीं जात होता. पिशवी त्याच्याकडे आली म्हणजे तो इतरांप्रमाणें तींत मूठ घालून काढीत होता. ती मूठ रिकामी होती. पिशवीची योजनाच अशी आहे कीं, भरलेली मूठ व रिकामी मूठ बाहेरून सारखीच दिसते. म्हणून त्याची लाज राखली गेली. पण त्याच्या शेजारीं खांद्यास खांदा लावून बसलेल्या आम्हांस वर्षभर त्याची शंकाही येऊं नये, ह्याची लाज मात्र आम्हांस वाटली. तेव्हांपासून वर्तमानाच्या कलमांत अध्यक्षांचा पहिला प्रश्न वाडीविषयीं नसतो. ते विचारतात, "आपण सारे कसे आहांत?" आणि घाईनें उत्तर देणाऱ्याकडे ते थोडा वेळ पाहत राहतात.

सज्जनहो, पन्नास वर्षांपूर्वीं आपल्या वाड्यांत वर्तमान विहिरीच्या कांठीं आपोआप कळत असे. कोणाच्या घरीं ताप आहे, कोणाची गाय अडली आहे, कोणाच्या मुलीचें लग्न पैशावांचून थांबलें आहे, हें घागर भरेपर्यंत समजे. आज पुष्कळशा विहिरी बुजल्या, केळीच्या बागांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या, आणि एका जिन्यावर राहणारीं कुटुंबें एकमेकांस नांवानें ओळखत नाहींत. दूरदेशींची बातमी क्षणांत येते. भिंतीपलीकडची येत नाहीं. म्हणून आमचें आपणांपाशीं मागणें पैशाचें नाहीं. आपण नेहमीं उदारपणें देतां. त्याबद्दल आम्ही ऋणी आहों. मागणें आहे तें पायांचें व कानांचें. प्रत्येक वाडींतून, प्रत्येक इमारतींतून एक तरी माणूस आम्हांस हवें आहे. तें आमचें सभासद झालें नाहीं तरी चालेल. ज्या घरीं दिवा लागला नाहीं तें घर ज्याच्या नजरेस येतें, आणि जें तें वर्तमान दुसऱ्या कोणास न सांगतां योग्य ठिकाणीं पोंचवितें, असें माणूस. तरुणांस आमची विशेष विनंति आहे. कारण आमच्या सोसायटीचा पाया वीस वर्षांच्या मुलांनींच घातला आहे, आणि आमचे जिने चढणारे गुडघे आतां थकले आहेत.

कार्यवृत्तांत नांवें कां नाहींत, ह्याचें उत्तर आपणांस मिळालें असेल, अशी आम्हांस आशा आहे. तीं नांवें नाहींशीं झालेलीं नाहींत. तीं प्रत्येक मंगळवारीं त्या मागच्या खोलींत, दार लावून, प्रभूपुढें एकेक करून घेतलीं जातात. त्यांपैकीं कांहीं माणसें आज ह्या सभेंत बसलीं असतील; कांहीं आज दुसऱ्यांस देणारीं झालीं असतील. कोणीही कोणाकडे वळून पाहूं नये. आपण सारे एकाच मेजावरची भाकर खाणारे आहों, आणि त्या मेजापाशीं यजमान एकच आहे. बाकीचे सारे पाहुणे.

त्या यजमानानें आपल्या धर्मग्रामास पुढील पन्नास वर्षें डोळस व अबोल अशी दया द्यावी, आणि पवित्र मरियेनें, संत व्हिन्सेंटनें व धन्य फ्रेडरिकनें आपणांसाठीं विनवणी करावी, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों. आमेन.